खालची फोड

सकाळी अंथरुणात आधी माझा गुडघा बोलायचा, मग मी. पाय सरळ केला की कट्ट. दुसऱ्याचं तेच. मग उजवा खांदा, तो तर आत वाळू सांडल्यागत करकरायचा. स्वयंपाकघरातनं बायको ओरडायची, "उठलासा व्हय? आला आवाज!" ती हसायची आणि मी पडल्या पडल्या शिव्या घालायचो. गुडघ्याला, खांद्याला, गारठ्याला, पंचगंगेवरनं येणाऱ्या वाऱ्याला. बायकोला घालायची हिंमत नव्हती, कारण तेलाची वाटी तिच्या हातात होती.

नव्वदचं दशक निम्म्यावर आलं होतं आणि माझी पन्नाशी जवळ आली होती. दिवसभर मी उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये लेथवर उभा असायचो. तिथं मला कोण विचारतंय? तेलकट कपड्यातला एक टर्नर, बास. पण संध्याकाळी मंगळवार पेठेतल्या आमच्या तालमीच्या पायरीवर पाय ठेवला की चपला काढायच्या आत आतनं आवाज यायचा, "वस्ताद आले!" मर्दानी खेळ शिकवायचो मी. लाठी, तलवार आणि सगळ्यात शेवटी दांडपट्टा. त्या एका हाकेवर मी दिवसभर लेथ ओढायचो. खोटं कशाला बोलू, माझी सगळी किंमत त्या पट्ट्यात होती. तो गेला की मी कोण, हा प्रश्न मला घाम फोडायचा.

पट्टा ज्यानं कधी हातात घातला नाही त्याला एक गोष्ट सांगितली पाहिजे. तलवार धरतात, पट्टा घालतात. कोपरापर्यंत लोखंडी खोबळा असतो, त्यात हात सारायचा, आत आडव्या दांडीला मूठ मारायची आणि पुढं लांबच लांब लवलवतं पातं. हात खोबळ्यात गेला की मनगटाचं काम संपलं. ते वळतच नाही. मग वळायचं ते खांद्यानं, कमरेनं आणि गुडघ्यानं. म्हणून पट्टेवाल्याची सगळी इस्टेट म्हणजे त्याचे सांधे. दंडाची बेटकुळी दाखवत फिरणाऱ्या पोरांना मी सांगायचो, ते आरशाला दाखवा, मला तुमचा गुडघा किती वाकतो ते दाखवा.

खंडेनवमीला शस्त्रांची पूजा झाली की आमच्या तालमीसमोर लिंबू काढायची रीत होती. एकजण मातीत उताणा झोपायचा. त्याच्या गळ्याच्या खळगीत लिंबू ठेवायचं. वस्तादानं एक गुडघा टेकून, पट्टा जमिनीला समांतर आडवा फिरवून ते लिंबू कापायचं. वरची फोड उडून जायची, खालची गळ्यावर तशीच राहायची. वरची फोड कापणाऱ्याच्या घरी जायची, खालची झोपणाऱ्याच्या. आणि एक नियम होता. उठल्यावर झोपणाऱ्यानं कापणाऱ्याला काही सांगायचं नाही. वारा लागला, पातं गार लागलं, भीती वाटली, काही म्हणजे काही नाही. आमचे जुने वस्ताद म्हणायचे, एकदा कानात गेलं की पुढच्या साली हात थरथरतो.

माझ्यासमोर झोपणारा माणूस कायम एकच. माझा जोडीदार. आम्ही दोघांनी एकाच दिवशी तालमीत नारळ फोडलेला. तो लिंगायत, मूळचा सीमेकडचा, घरात कानडी आणि बाजारात मराठी. मंडईत त्याचा लिंबू-मिरचीचा गाळा होता, त्यामुळं लिंबू आणायचा मान त्याचा आणि हौसही त्याचीच. खंडेनवमी जवळ आली की पाट्या चाळत बसायचा. कागदी लिंबू, पातळ सालीचं, पिवळंधमक, एवढंसं. "मोठं लिंबू काय, आंधळा बी कापतोय," म्हणायचा.

झोपताना तो एक गोष्ट न चुकता करायचा. त्याच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेली लिंगाची चांदीची डबी होती. ती अंगावरनं उतरवायची नसते, त्यानं कधी उतरवली नाही. तो डबी डाव्या मुठीत घट्ट धरायचा आणि दोरा छातीकडं ओढून ताणून ठेवायचा. डोळे मिटायचा नाही. "हाण वस्ताद," म्हणायचा. मी हाणायचो. कापून झालं की गळ्यावरची फोड उचलून नाचवत यायचा. "बघ, बघ, पापड हाय पापड!" खरंच तेवढी पातळ असायची. फोड दाखवायला नियमाची आडकाठी नव्हती.

आता गुडघा वाकत नसला तर काय होतं ते सांगतो, म्हणजे मला झोप का लागत नव्हती ते कळेल. माणूस खाली बसला तर पट्टा लिंबाच्या उंचीवर येतो आणि पातं सपाट जातं. गुडघा अडला, माणूस वरच राहिला, तर खांदा झुकवून हात खाली न्यावा लागतो. मग पातं सपाट राहत नाही, टोक खाली लोंबतं. आणि टोकाखाली माझ्या जोडीदाराचा गळा.

पहिल्यांदा मी चारचौघांत अडकलो ते वारणानगरला. तिथल्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात आमचा खेळ होता. हलगी कडाडली, मी गुडघा टेकून सलामी दिली आणि उठायला गेलो तर गुडघा उठेना. कुलूप लागल्यागत. हलगीवाला बिचारा वाजवतोय, वाजवतोय. पोरांना वाटलं ही लांबलचक सलामी खेळातलीच. टाळ्या वाजवायला लागली येडी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तर पुढच्या रांगेतले पाहुणे म्हणाले, वा, काय भाव आहे! तेवढ्यात माझा जोडीदार धावत आला, मला कडकडून मिठी मारली आणि त्या मिठीतच मला वर उचललं. पुन्हा टाळ्या. कानात हळूच म्हणाला, "पाय धरला काय, मर्दा?" मी म्हटलं, धरला.

मग सुरू झाला तो खटाटोप. देवा रे! काय केलं नाही ते विचारा. निरगुडीच्या पाल्याची वाफ घेतली. तापलेली वीट फडक्यात गुंडाळून शेकलं. एरंडाची पानं बांधून झोपलो, तर सकाळी बायको म्हणाली, गुडघ्याची भाजी झालीया. कुणीतरी सांगितलं पायाचं सूप प्या, वंगण तयार होतं. महिनोन्‌महिने घरात पाया शिजत होता. माझा जोडीदार दारात यायचा, वास घ्यायचा आणि उंबऱ्यावरनंच बोलायचा. "शिव शिवा," म्हणायचा, "बकरी संपली कोल्हापुरातली, तुझा गुडघा काय वाकंना." त्यानं त्याच्या गावाकडनं डिंकाचे लाडू करून आणले. ते पण खाल्ले. वजन वाढलं, गुडघा तिथंच.

शेवटी राजारामपुरीत हाडांच्या डॉक्टरकडं गेलो. त्यानं फोटो काढला, उजेडावर धरला आणि म्हणाला, आतली गादी झिजलीय. मांडी घालून बसू नका, उकिडवं बसू नका, गुडघा टेकू नका. मी म्हटलं, डॉक्टर, मग मी करू काय? तो म्हणाला, खुर्चीत बसा. खुर्चीत! माझ्या डोक्यात तिडीक गेली. पट्टेवाल्याला खुर्चीत बसवतोय! पण खांद्याचं त्यानं बरं सांगितलं. भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी मुंगीगत भिंत चढायची, जिथं कळ येईल तिथं थांबायचं, रोज थोडं वर. मी ते स्वयंपाकघरातल्या भिंतीवर करायचो, कारण तिथं शेगडीची ऊब असायची. हाताला तेल असायचं. चुन्यावर बोटांचे डाग उमटले, वर वर चढत गेले. उन्हाळ्यात डाग पार फळीपर्यंत पोचले. मी बायकोला हाताला धरून आणून दाखवलं. पाऊस लागला आणि माझी बोटं खालच्या जुन्या डागांवर येऊन थांबली. मी तिथंच कपाळ टेकून उभा राहिलो आणि रडलो. बायको भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही. जरा वेळानं म्हणाली, "दिवाळीला चुना लावायचा हाय मला. तवर चढा किती चढायचं ते."

गगनबावड्याला गेलो ते त्याच पावसात. तिथं घाटाच्या वर एक म्हातारी सांध्यांवर लेप देते असं वर्कशॉपमधल्या एकानं सांगितलं होतं. बावड्याचा पाऊस म्हणजे छत्रीला हसणारा पाऊस. एसटी थांबली, मी दांडीला धरून पायरीवर उभा, पाय खाली सोडवेना. कंडक्टर वैतागला. "उतरा की पावणं, का उचलून ठेवू?" मागनं कुणीतरी हसलं. ज्याच्या एका वळशावर पेठ श्वास धरायची तो मी, एसटीच्या पायरीवर अडकलेला म्हातारा झालो होतो. म्हातारीनं हिरवा लेप लावला. घरी येईपर्यंत गुडघ्यावर फोड आले. आतलं दुखणं तसंच, वरनं कातडी पोळली ती वेगळीच. बायको रागानं लाल झाली. "पाया खाल्लासा, पाला बांधलासा, आता भाजून बी घेटलंसा. मीठ-मसाला लावून वाढू काय कुणाला?" मला हसू आलं नाही. मी तिला सांगितलं, मला अजून थोडी वर्षं पाहिजेत. जास्त नकोत. ती म्हणाली, "कशासाठी?" मी पोळलेल्या गुडघ्यावर फुंकर घालत बसलो.

तरी खंडेनवमी दर साली होत होती. आणि आश्चर्य म्हणजे लिंबू कापलं जात होतं. गुडघा पुरता टेकत नव्हता, मी पायाखाली पोत्याची घडी घेऊन अर्धवट बसायचो, खांद्यातनं कळ यायची ती दातांखाली धरायचो, आणि तरीही पट्टा फिरला की वरची फोड उडालेली असायची. लोक ओरडायचे. मला वाटायला लागलं, भिंत चढल्याचा गुण आला. तेलाचा गुण आला. सांधा गंजला तरी हाताला अक्कल आहे, असं मी पोरांना छाती काढून सांगायला लागलो. नव्या शतकातली पहिली काही वर्षं मी याच धुंदीत काढली.

एवढंच होतं की माझा जोडीदार आता फोड नाचवत येत नव्हता. उठायचा, अंगावरची माती झटकायचा, मूठ मिटलेलीच. "पापड दाखव की," मी म्हणायचो. "आता काय रोज रोज पापड बघायचा, पोट भरलं बघून," म्हणायचा आणि मिरच्यांच्या भावाचं काहीतरी काढायचा. मी सोडून द्यायचो. मला वाटलं वय झालं, हौस फिटली.

माझ्या वाटणीची फोड बायको लोणच्यात टाकायची. दर खंडेनवमीला ती फोड धुऊन, चिरून बरणीत घालायची, आणि म्हणायची की घराला ह्यानं चव येते. एका साली तिनं फोड हातात घेतली आणि उलटीपालटी करून बघितली. "अहो, ही फोड हाय का अख्खं लिंबू? सगळं आपल्याकडंच आलंया की. त्यास्नी काय दिलंसा, बिया?" मी म्हटलं, लिंबू मोठं होतं. ती म्हणाली, "मोठं तर हायच. साल बघा कसली जाड. असलं गावठी लिंबू कधीपासून आणाय लागले ते?" मी म्हटलं, तुला मंडईतलं काय कळतं! तिनं फोड विळीवर धरली. आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस मी, वरनं जास्त कापलं गेलं म्हणजे खाली किती उरलं हे मला कुणी सांगायला नको होतं. पण त्या दिवशी मी ते गणित डोक्यात येऊ दिलं नाही. तसाच उठलो आणि तालमीत निघून गेलो.

पुढच्या खंडेनवमीच्या आधी ते लोणचं पानात आलं. पहिला घास घेतला आणि थुंकला. कडू जहर. जाड सालीचं लोणचं मुरलं तरी कडूच राहतं. मी बायकोवर ओरडलो. ती पण काय ऐकून घेणारी! "माझ्यावर कशाला वरडताय? लिंबू तुमच्या दोस्तानं आणलं. त्यास्नी विचारा, कागदी लिंबं काय संपली काय मंडईतली?" त्या जेवणानंतर मला काही गोड लागलं नाही. बोटं भिंतीवर चढवायला उभा राहिलो तर मधल्या डागांपर्यंत सुद्धा गेली नाहीत.

खंडेनवमी उजाडली. तालमीसमोरची जागा सारवलेली, शस्त्रं पाटावर मांडलेली, त्यांना झेंडूच्या माळा. हलगी आणि घुमकं सुरू झालं. सकाळी बायकोनं दोन्ही गुडघ्यांना तेल लावून वर पट्ट्या बांधल्या होत्या, त्या मी धोतराखाली लपवल्या होत्या. जोडीदार आला. हातात लिंबू. मी बघितलं, हिरवट पिवळं, थोराड, मुलाच्या मुठीएवढं. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. सरळ मातीत उताणा झोपला, लिंबू गळ्यावर ठेवलं, डबी मुठीत धरली आणि दोरा ताणला.

मी हात खोबळ्यात सारला. पोत्याची घडी पायाखाली घेतली. गुडघा वाकवत खाली जायला लागलो, दुखत दुखत, आणि जेवढा खाली गेलो तेवढाच अडकलो. त्याचा गळा माझ्या तोंडासमोर आला. आणि मला गाठ दिसली.

दोऱ्याला गाठ. मानेपाशी, खांद्याच्या जरा वर, जिथं दोरा ताणला की गळ्यावरनं वर उचलला जातो तिथं. जुना मळका दोरा आणि त्यात आवळून मारलेली गाठ. नवा दोरा घातला असता तर मी विचारलं असतं. दोरा झिजून तुटतो तो डबीजवळ, जिथं घासतो तिथं. हा मधनंच, सरळ कापला गेला होता. मला सगळं एका दमात कळलं. मागच्या साली तो मूठ मिटून उठला होता ना, त्या मुठीत फोड नव्हतीच. तुटलेला दोरा आणि डबी होती. डबी मुठीत होती म्हणून खाली पडली नाही. आणि माझ्याकडं अख्खं लिंबू आलं होतं कारण खाली काही उरलंच नव्हतं. माझं पातं त्याच्या गळ्यावरनं दोऱ्याच्या अंतरानं गेलं होतं. लिंगायताच्या गळ्यातला दोरा मी कापला होता. नियम होता म्हणून हा बोलला नव्हता. आणि वर्षभर मंडईत पाट्या चाळून माझ्यासाठी ह्याहून मोठं लिंबू शोधत होता.

"हाण वस्ताद," तो म्हणाला. डोळे उघडे.

माझा हात पुढं जाईना. हलगी वाजतेय, लोक श्वास धरून. मी डावा हात लांबवला आणि त्याच्या गळ्यावरचं लिंबू उचललं. तो दचकला. "काय झालं?" मी म्हटलं, सरक. "का?" मी ओरडलो, "सरक म्हणतोय न्हवं!" तो उठून बाजूला बसला. हलगीवाला थांबला. मी ते लिंबू मातीवर ठेवलं, बरोबर तिथं जिथं त्याच्या मानेचा खड्डा पडला होता. कुणालातरी वाटलं वस्ताद नवीन काहीतरी दाखवणार. परत हलगी सुरू.

मी मन लावून पट्टा फिरवला. जन्मभर जसा फिरवला तसा. खांद्यात विजेगत कळ गेली, कंबर पुढं आली, गुडघा वरच राहिला. लिंबू हललं, बाजूला गडगडत गेलं आणि थांबलं. अख्खं. जिथं ते ठेवलं होतं तिथल्या मातीत पात्यानं चर पाडला होता. बोट जाईल एवढा खोल.

लोकांत कुजबुज. हलगीवाल्यानं काठी खाली केली. माझा जोडीदार त्या चरापाशी येऊन बसला. वाकून बघितलं, चरात बोट घातलं. मग त्याचा तोच हात, माती लागलेला, आपोआप गळ्याकडं गेला. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं नियम मोडला. हळू आवाजात म्हणाला, "मागल्या साली दोऱ्यावर भागलं, बघ."

"मग आज का झोपलास रं?" मी विचारलं.

"मोठं लिंबू आणलं होतं की," तो म्हणाला.

मी तसाच अर्धवट बसलेला. उठता येईना आणि हात खोबळ्यातनं निघेना, कोपर आखडलं होतं. त्यानंच माझा दंड धरून हळूहळू हात बाहेर ओढला, लहान पोराच्या अंगातनं सदरा काढावा तसा. मग काखेत हात घालून मला उभं केलं. यावेळी मिठी मारायचं सोंग केलं नाही. पट्टा त्यानं पाटावर नेऊन ठेवला. लिंबू उचललं, धोतराला पुसलं आणि माझ्या सदऱ्याच्या खिशात टाकलं. "वैनीला दे," म्हणाला. "सांग, दोन्ही फोडी तुमच्याच."

घरी गेलो. बायकोनं खिशातनं लिंबू काढलं, सगळीकडनं फिरवून बघितलं, आणि माझ्याकडं बघितलं. पातेल्यातलं गरम पाणी घेऊन आली, गुडघ्यांच्या पट्ट्या सोडल्या आणि पाय शेकत बसली. मी म्हटलं, संपलं. ती म्हणाली, "व्हय." बराच वेळ शेकत होती. मग उठली, विळीवर लिंबू ठेवलं आणि मधोमध कापलं. एक फोड वाटीत घातली आणि वाटी माझ्या हातात दिली. "ही त्यास्नी देऊन या. अर्धं त्यांचं हाय."

त्याचं घर पेठेतच, पण माडीवर. तो लाकडी जिना मी एकेका पायरीला दोन्ही पाय लावत चढलो, वाटी सांडू नये म्हणून एका हातानं कठड्याला धरून. त्यानंच दार उघडलं. गळ्यात नवा दोरा घातला होता, पांढराफेक. मी वाटी पुढं केली. त्यानं आत डोकावून बघितलं.

"कुठली आणलीस?" म्हणाला. "वरची का खालची?"

मी म्हटलं, "विळीनं कापलीया, मर्दा. वरची-खालची कळत न्हाय."

मी त्याच्या उंबऱ्यावर बसलो आणि मला उठता येईना. मग तोही खाली बसला. वाटी आमच्या मध्ये होती.